फिर्याद, पुरावा आणि निर्णय : मोटारीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समधील विजेच्या दोषांचे निदान



ज्या गुरुजींच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या नावाने दोन शब्द बोलण्याचा मान संस्थेने मला दिला, याबद्दल मी प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. या व्यासपीठावरून संतसाहित्य, हैदराबाद मुक्तिसंग्राम, शेती आणि सहकार अशा विषयांवर अधिकारी व्यक्तींनी आपले विचार मांडले आहेत. त्या मालिकेत मोटारीच्या वायरी तपासण्यात आयुष्य घालविलेल्या माणसाने उभे राहावे, हे काही श्रोत्यांना नवलाचे वाटेल. परंतु गुरुजी आम्हांला विज्ञान शिकवीत, आणि उत्तर बरोबर आले तरी ‘कशावरून?’ असे विचारल्यावाचून पुढे जात नसत. माझा आजचा विषय त्या एका प्रश्नाभोवतीच फिरणारा आहे.

मोटारीचा स्वयंचलित गिअरबॉक्स बिघडला म्हणजे त्यातला विजेचा दोष ओळखावा कसा, हा तो विषय. तो तांत्रिक आहे खरा. पण त्यात सामान्य माणसाच्या कष्टाच्या पैशाचा, आणि कधीकधी त्याच्या हिंडण्याफिरण्याच्या स्वातंत्र्याचाही प्रश्न गुंतलेला असतो. एका गंजलेल्या बोल्टमुळे अडलेली गाडी ‘गिअरबॉक्स गेला’ असे सांगून उघडली जाते आणि मालकाला लाख-दीड लाख रुपयांचा भुर्दंड बसतो. हे नेहमी लबाडीने होते असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा ते घाईने होते. फिर्याद कानावर पडताच निकाल देण्याची सवय जडल्यामुळे होते.

यंत्राची ओळख

इंजिनाची ताकद फेऱ्यांच्या विशिष्ट मर्यादेतच चांगली मिळते. म्हणून गाडी जागची हलविताना एक गिअर, रस्त्याला लागल्यावर दुसरा, चढ आला की पुन्हा खालचा, असा बदल करावा लागतो. साध्या गाडीत हे काम चालकाचा डावा पाय आणि डावा हात करतात. स्वयंचलित गाडीत ते यंत्रावर सोपविलेले असते. अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने १९३९ साली आणलेला ‘हायड्रामॅटिक’ हा मोठ्या प्रमाणावर तयार झालेला पहिला पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स मानला जातो. १९४० च्या ओल्ड्समोबाईल मोटारींत तो बसविला गेला. त्याचा गिअर विजेवर ठरत नसे. गाडीचा वेग आणि चालकाने दाबलेला अ‍ॅक्सिलरेटर यांनुसार तेलाचा दाब बदले, आणि तो दाबच गिअर ठरवी. १९८० च्या दशकापासून हा निर्णय हळूहळू इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाच्या हाती गेला.

आजच्या स्वयंचलित गिअरबॉक्सचे तीन थर मानता येतील. सर्वांत आत दातेरी चक्रे. मध्यभागी सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि बाहेरचे कडे, अशी ती ग्रहमालाच असते. दुसरा थर तेलाचा; पंपाने दाबलेले तेल आतील क्लच आवळते किंवा सैल सोडते. तिसरा थर विजेचा. चक्रे किती वेगाने फिरतात, तेल किती तापले आहे, चालकाने दांडा कोठे ठेवला आहे, या बातम्या सेन्सर आणतात; नियंत्रक त्यांवर विचार करतो; आणि सोलेनॉइड त्याची आज्ञा अमलात आणतात. सोलेनॉइड म्हणजे तारेचे वेटोळे आणि त्यातून वीज वाहताच सरकणारी झडप. ती झडप तेलाची वाट उघडते वा बंद करते.

आपल्या भागात स्वयंचलित म्हणून ज्या गाड्या दिसतात त्यांतील बऱ्याचशा आणखी एका जातीच्या आहेत. २०१४ साली मारुती सुझुकीने ‘सेलेरिओ’ या मोटारीत ‘ऑटो गिअर शिफ्ट’ नावाची पद्धत आणली आणि बेताच्या किमतीच्या गाडीत ही सोय आली. हिच्यात गिअरबॉक्स साध्या गाडीचाच असतो; क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम तेवढे विजेच्या हुकमतीत चालणारी यंत्रणा करते. आतील रचना निराळी असली तरी वरचा विजेचा थर दोन्हीकडे सारख्याच नियमांनी चालतो.

आलेल्या बातम्यांत विसंगती दिसली की नियंत्रक धोका पत्करत नाही. स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये तो सोलेनॉइडांचा पुरवठा तोडतो, आणि गाडी एकाच गिअरमध्ये, पुष्कळदा तिसऱ्या, अडकून राहते. जागची हलताना ती जड वाटते आणि रस्त्यावर वेग घेत नाही. गॅरेजमध्ये याला ‘लिंप मोड’ म्हणतात. आपण ‘लंगडी चाल’ म्हणू. ती यंत्राने स्वतःच्या बचावासाठी घेतलेली पवित्र्याची चाल आहे. अडचण अशी की, आतील क्लच जळला असला तरी लक्षण हेच, आणि बाहेरची दोन रुपयांची वायर तुटली असली तरीही लक्षण हेच. म्हणूनच निदानाला पद्धत लागते.

कल्याणीची न्यायपद्धती

ही पद्धत समजावून सांगण्यासाठी मला फार दूर जाण्याचे कारण नाही. बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजेच कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. सहावा विक्रमादित्य १०७६ ते ११२६ या काळात येथे राज्य करीत होता. त्याच्या आश्रयाला असलेल्या विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. वारसाहक्काच्या कायद्यासाठी ती भारतभर प्रसिद्ध झाली. परंतु तिच्या व्यवहाराध्यायात खटला कसा चालवावा याचेही विवेचन आहे. खटल्याचे चार पाद सांगितले आहेत. पहिला भाषा, म्हणजे फिर्याद. दुसरा उत्तर, म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे. तिसरा क्रिया, म्हणजे पुरावा. चौथा साध्यसिद्धी, म्हणजे निर्णय. पुराव्याचेही तीन प्रकार मानले आहेत : लेख, भोग आणि साक्षी. हे उपलब्ध नसतील तरच दिव्याचा मार्ग.

आज त्याच बसवकल्याणच्या ऑटोनगरात ट्रक-लॉऱ्यांची कामे चालतात. तेथे वायर हातात घेणाऱ्या तरुणाला मी हेच सांगेन की, बाबा, तुझ्या गावच्या पंडिताने नऊशे वर्षांपूर्वी घालून दिलेला क्रम सोडू नकोस.

पहिला पाद : फिर्याद

आपल्या खटल्यात फिर्यादी दोन असतात. एक गाडीचा चालक, दुसरा गाडीतला संगणक.

चालकाची फिर्याद त्याच्याच शब्दांत ऐकावी. मराठीत या बाबतीत फार नेमके शब्द आहेत. गिअर पडताना ‘हिसका बसतो’ म्हणजे क्लच एकदम आवळला जातो. तेलाचा दाब गरजेपेक्षा अधिक आहे. ‘घसरते’ म्हणजे इंजिन ओरडते पण गाडी पुढे ओढली जात नाही. क्लचची पकड अपुरी आहे. ‘थरथरते’ म्हणजे ठरावीक वेगाला धावताना बारीक कंप येतो; टॉर्क कन्व्हर्टरमधील क्लचकडे पाहावे. ‘अडकते’ म्हणजे लंगडी चाल. यांपैकी प्रत्येक शब्द वेगळ्या दिशेला बोट दाखवितो. त्याच्या जोडीला ‘केव्हा?’ हे विचारावे. सकाळी थंड असताना की तासभर चालल्यावर? पावसात की कोरड्यात? दिवसा की रात्री? खड्ड्यातून गेल्यावर की सपाट रस्त्यावर?

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर आणि गुलबर्गा हे जिल्हे हैदराबाद राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. भाषा मात्र आपापल्या अंगणात राहिल्या. त्यामुळे आपल्याकडे गाडीचा मालक तक्रार मराठीत सांगतो, मिस्त्री ती दखनीत समजून घेतो आणि कागदावर ती कन्नडात किंवा इंग्रजीत उतरते. या प्रवासात ‘हिसका’ आणि ‘घसरणे’ दोन्ही मिळून ‘गिअर प्रॉब्लेम’ एवढेच उरते. आपल्या भागातील मिस्त्री तीन-चार भाषा बोलतात, हे मोठे भाग्य आहे. ते भाग्य तक्रार लिहून घेण्याच्या कामी यावे, एवढीच माझी विनंती.

दुसरा फिर्यादी संगणक. तो आपली तक्रार सांकेतिक क्रमांकात मांडतो आणि स्कॅनर जोडून ती वाचता येते. अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून हे क्रमांक एकसारखे करण्यात आले. भारतातही २०१० पासून ही व्यवस्था टप्प्याटप्प्याने सक्तीची होत गेली. ‘पी-०७००’ या क्रमांकाचा अर्थ केवळ ‘गिअरबॉक्सच्या नियंत्रकाला काही सांगायचे आहे’ एवढाच. ‘पी-०७२०’ हा गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या वेगाच्या सेन्सरचे सर्किट दाखवितो. ‘पी-०७५३’ हा पहिल्या शिफ्ट सोलेनॉइडच्या विजेच्या सर्किटविषयी आहे.

येथे ‘सर्किट’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. सर्किट म्हणजे पूर्ण फेरा : नियंत्रकातून निघालेली वायर, वाटेतला कनेक्टर, सोलेनॉइडचे वेटोळे आणि परतीची वाट. तक्रार त्या सगळ्या फेऱ्याविरुद्ध असते. मिस्त्री मात्र त्यातला ‘सोलेनॉइड’ एवढा एकच शब्द उचलतो आणि नवा सोलेनॉइड मागवितो. चोरी गल्लीत झाली म्हणून गल्लीतल्या पहिल्या घरच्या माणसाला धरून नेण्यासारखे हे आहे.

दुसरा पाद : उत्तर

फिर्यादीनंतर प्रतिपक्षाला बोलू द्यावे. विजेवर आरोप ठेवण्यापूर्वी तेलाला विचारावे. तेलाची पातळी बनविणाऱ्याने सांगितलेल्या पद्धतीने आणि सांगितलेल्या तापमानाला पाहावी. तेल काळे पडले असेल, त्याला करपलेला वास येत असेल, तर आतील क्लच झिजल्याची शंका रास्त आहे. तेल स्वच्छ आणि पातळी योग्य असेल तर आतील भागाने निम्मी निर्दोषता सिद्ध केली, असे समजावे.

मग बॅटरी. विश्रांतीत असलेल्या चांगल्या भरलेल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो साधारणतः १३.५ ते १४.५ च्या दरम्यान दिसावा. उपाशी नियंत्रक काहीही बरळतो. म्हणून त्याचे पोट भरले आहे की नाही हे पाहिल्याशिवाय त्याचे बोलणे मनावर घेऊ नये.

त्यानंतर पूर्वेतिहास. अलीकडे गाडीवर कोणते काम झाले? बॅटरी बदलली का? डेंटिंग-पेंटिंग झाले का? पावसाळ्यात गाडी पाण्यातून गेली का? तुरीची किंवा उसाची शेते जवळ असलेल्या वस्तीत गाडी आठवडाभर उभी होती का? उंदीर बॉनेटखाली घर करतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात, हा आपल्याकडचा नित्याचा अनुभव आहे. ब्रेकचा स्विचही पाहावा. अनेक स्वयंचलित गाड्यांत ब्रेक दाबल्याची खूण मिळाल्यावाचून दांडा जागचा हलत नाही किंवा गिअर पडत नाही. मागचा ब्रेकचा दिवा लागतो का, हे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

तिसरा पाद : पुरावा

आता खरी परीक्षा. विज्ञानेश्वराने विवरण केलेले तीनही पुरावे येथे उपयोगी पडतात.

लेख म्हणजे कागद. गाडीच्या वायरिंगचा नकाशा हा पहिला लेख. कोणती वायर कोठून निघते आणि कोणाबरोबर वाटणी करते, हे त्यावरून कळते. नियंत्रकाने दोष नोंदविताना टिपून ठेवलेली त्या क्षणाची स्थिती हा दुसरा लेख : वेग किती होता, तेल किती तापले होते, बॅटरीचा दाब किती होता. एकाच वेळी दोन-तीन असंबद्ध भागांविरुद्ध तक्रारी आल्या असतील, तर नकाशावर त्यांचा समाईक दुवा शोधावा. तीन भाग एकाच दिवशी मरत नाहीत. त्यांना पाणी देणारी एक विहीर आटलेली असते.

साक्षी म्हणजे मल्टिमीटर. पण साक्षीदाराला प्रश्न नेमका विचारावा लागतो. सोलेनॉइडचा रोध थंड असताना मोजून ‘ठीक आहे’ म्हणणे पुरेसे नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. २० अंशांना ५ ओहम असलेले वेटोळे १०० अंशांना साधारण ६.६ ओहम दाखविते, म्हणजे जवळजवळ ३१ टक्के अधिक. ही वाढ नैसर्गिक आहे. मात्र वेटोळ्याची तार आतून तडकलेली असेल, तर तापल्यावर ती तड रुंदावते आणि मीटर एकदम ‘जोडणी नाही’ म्हणतो. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात सावलीतला पाराच चाळिशी ओलांडतो. बॉनेटखालची स्थिती तर बोलायलाच नको. गाडी तापल्यावर दिसणारा दोष गाडी तापवूनच मोजला पाहिजे. तेलाच्या तापमानाचा सेन्सर याच्या नेमका उलट वागतो. तापमान वाढले की सामान्यतः त्याचा रोध घटतो. हा भेद माहीत नसलेला माणूस निरोगी सेन्सरला रोगी ठरवितो.

आता भोग. जमिनीच्या खटल्यात कागदावर नाव असणे वेगळे आणि प्रत्यक्ष कसणूक, वहिवाट असणे वेगळे, हे आपल्या शेतकरी श्रोत्यांना मी सांगायला नको. विजेच्या वायरीचेही तसेच आहे. वायरीतील वीस बारीक तारांपैकी एकच शाबूत असली तरी मीटर ‘जोडणी आहे’ असे सांगतो. हा झाला कागद. पण त्या वायरीतून कामाचा भारी प्रवाह सोडला की ती एकटी तार तापते आणि जळून जाते. वायर प्रवाहाचा भार खरोखर वाहते का, ही तिची वहिवाट. ती पाहण्याची रीत सोपी आहे : वायर न सोडता, यंत्रणा चालू ठेवून, वायरीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट गळतात ते मोजावे. अर्थिंगच्या चांगल्या वाटेत ही गळती सहसा एक-दोन दशांश व्होल्टच्या आत असते.

बीदरजवळ नौबादला बहमनी काळातील कारेज आहे. लोक तिला सुरंग बावी म्हणतात. जमिनीखालून वाहणारा बोगदा आणि ठरावीक अंतरावर त्यात उतरणाऱ्या उभ्या विहिरी, अशी तिची रचना आहे. अशा कालव्यात कोठे अडथळा आला तर सगळा बोगदा खणून काढण्याची गरज नाही. ओळीने विहिरींत डोकावावे. जेथपर्यंत पाणी चढलेले आहे आणि जेथून पुढे ते एकदम उतरलेले आहे, त्या दोन विहिरींच्या मध्ये अडथळा असणार. व्होल्टची गळती मोजणे म्हणजे नेमके हेच. बॅटरीपासून सुरुवात करावी आणि एकेका जोडापाशी डोकावत पुढे जावे.

आणखी एक साक्षीदार सांगतो. समईच्या वातीत तेल आपोआप वर चढते. काही गाड्यांत गिअरबॉक्समधल्या कनेक्टरची सील खराब झाली की तेल वायरीच्या बारीक तारांमधून असेच चढत जाते आणि थेट नियंत्रकाच्या कनेक्टरपर्यंत पोहोचते. बाहेरून वायर कोरडी दिसते. म्हणून कनेक्टर उघडून आत पाहावे. तेल, पाणी, हिरवा गंज, वाकलेली पिन, यांपैकी काय आहे ते नोंदवावे. हे करताना वायरीच्या आवरणात सुई खुपसू नये; त्या छिद्रातून पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरते आणि आज नसलेला दोष उद्या जन्माला येतो.

पुरावा मिळण्याजोगा असताना ‘हा भाग बदलून पाहू, नाही तर तो बदलून पाहू’ असे करणे म्हणजे दिव्य करणे होय. फरक इतकाच की, प्राचीन काळी दिव्य आरोपीला करावे लागे. आज ते गिऱ्हाइकाला करावे लागते, आणि तेही स्वखर्चाने.

एक खटला

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, ते एका उदाहरणाने सांगतो. भालकी तालुक्यातील एका खेड्यातून शाळेवर जाणारे एक मुख्याध्यापक. लहानपणी पोलिओमुळे त्यांचा डावा पाय अधू झालेला. स्वयंचलित गाडीला क्लचचे पेडल नसते. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर दोन्ही उजव्या पायाने चालतात. म्हणून त्यांनी जुनी, पण स्वयंचलित गाडी घेतली होती. त्या गाडीमुळे ते आयुष्यात प्रथमच कोणाच्या मागे न बसता, कोणाची वाट न पाहता शाळेत जाऊ लागले होते.

ती गाडी अधूनमधून लंगडी चालू लागली. स्कॅनरने तीन क्रमांक दाखविले : एक सोलेनॉइडचा, एक वेगाच्या सेन्सरचा आणि एक कमी वीजदाबाचा. एका गॅरेजने सोलेनॉइड बदलला. दुसऱ्या ठिकाणी संपूर्ण गिअरबॉक्स बदलण्याचा अंदाज दिला गेला; रक्कम गाडीच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होती. ते गाडी विकण्याच्या विचारात होते. माझ्याकडे आले तेव्हा त्यांनी जाता जाता एक वाक्य उच्चारले : “दिवसा काही नाही हो, रात्रीच त्रास देते. त्यात पाऊस असला तर हमखास.”

हे वाक्य आधीच्या कोणत्याही कागदावर नव्हते. रात्री आणि पावसात काय वेगळे असते? दिवे लागतात, वायपर चालतो, काचेवरची वाफ घालविण्यासाठी पंखा लागतो. म्हणजे विजेचा खर्च वाढतो. तीन असंबद्ध तक्रारी आणि वाढलेला खर्च. नकाशावर दोन्हींचा समाईक दुवा एकच होता, गाडीच्या सांगाड्यापासून बॅटरीकडे परत येणारी अर्थिंगची वायर.

आम्ही इंजिन चालू करून दिवे, वायपर आणि पंखा लावला. मीटरची एक टोकणी बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी सांगाड्यावर, नियंत्रकाच्या अर्थिंगपाशी ठेवली. मीटरने १.४ व्होल्ट दाखविले. वायर हाताने हलविताच आकडा चारच्या पुढे उडाला. त्या वेळी त्या वाटेने सुमारे २८ अँपिअर प्रवाह जात होता. ओहमच्या नियमाने हिशेब मांडला तर रोध अवघा ०.०५ ओहम, म्हणजे एक विसांश. साध्या मीटरच्या स्वतःच्या टोकण्यांचा रोधही याहून अधिक असतो. म्हणूनच नुसता रोध मोजणाऱ्याला तो कधीच दिसला नसता. दिवसा त्याच वाटेने पाचेक अँपिअर जात, आणि गळती होई फक्त पाव व्होल्टची. रात्री खड्ड्यात गाडी आदळली की जोड हले, नियंत्रकाचा दाब कोसळे आणि तो लंगडी चाल धरी.

बोल्ट खोलला. काही महिन्यांपूर्वी गाडीचे डेंटिंग-पेंटिंग झाले होते. तेव्हा वायरीच्या कडीखाली रंग गेला होता आणि त्याच्या कडेने गंज चढला होता. पॉलिश पेपरने पत्रा घासून चकचकीत केला, कडी साफ केली, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावले. त्याच भाराखाली गळती ०.०५ व्होल्टवर आली. वायर हलविली तरी आकडा जागचा ढळला नाही.

चौथा पाद : निर्णय

येथेच काम संपले असे मानणारे पुष्कळ आहेत. परंतु साध्यसिद्धी म्हणजे जे सिद्ध करायचे ते सिद्ध होणे. नोंदविलेले क्रमांक पुसावेत, आवश्यक असेल तेथे नियंत्रकाला नव्याने शिकू द्यावे, आणि ज्या परिस्थितीत दोष दिसत होता त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी. मुख्याध्यापकांची गाडी आम्ही त्या रात्री सगळे दिवे-पंखे लावून, खराब रस्ता मुद्दाम निवडून दीड तास फिरविली. नंतर त्यांना एवढेच सांगितले की, पुढचे दोन महिने काही घडले तर तारीख, वेळ आणि हवामान वहीत लिहून ठेवा. वही कोरी राहिली. गाडी त्यांच्याकडेच राहिली.

या प्रकरणात कोणी मोठे संशोधन केले नाही. आधीच्या कारागिरांना काम येत नव्हते, असेही नाही. संगणकाची फिर्याद त्यांनी वाचली. माणसाची ऐकली नाही. आणि पुरावा घेण्याआधीच निर्णय लिहिला. येत्या काळात गाड्यांतील नियंत्रकांची संख्या वाढत जाणार आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्या तर रस्त्यावर आल्याच आहेत. त्यांच्या उच्चदाबाच्या भागाला योग्य शिक्षण आणि साधने यांवाचून हात लावू नये, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. पण यंत्र कितीही बदलले तरी फिर्याद, उत्तर, पुरावा, निर्णय हा क्रम बदलणार नाही.

शाळेला एक विनंती

शेवटी एक गोष्ट. ज्याच्या नियमावर माझे हे सारे बोलणे उभे आहे तो गेओर्ग ओहम जर्मनीतील कोलोन शहरात शाळामास्तर होता. शाळेच्या प्रयोगशाळेतल्या साधनांनी त्याने मोजमापे घेतली आणि १८२७ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आरंभी त्याच्या देशातील विद्वानांनी त्याची फारशी दखल घेतली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक दिले ते १८४१ साली. आज जगातील प्रत्येक मिस्त्रीच्या हातातील मीटर त्या शाळामास्तराचे नाव घेतो. शाळेची प्रयोगशाळा ही लहान जागा नव्हे.

म्हणून माझी संस्थेला विनंती आहे की, नववी-दहावीच्या प्रयोगशाळेत बारा व्होल्टची एक बॅटरी, हेडलाइटचा एक बल्ब, दोन स्वस्त मल्टिमीटर आणि एक गंजलेला बोल्ट ठेवावा. बोल्ट स्वच्छ असताना बल्ब कसा लागतो आणि गंजलेला असताना तो कसा मंदावतो, हे मुलांनी डोळ्यांनी पाहावे, गळती मोजावी आणि वहीत लिहावी, मराठीत लिहावी, कन्नडातही लिहावी. त्यांतली काही मुले डॉक्टर होतील, काही वकील, काही शेती करतील, काही मिस्त्री होतील. ‘कशावरून?’ हा प्रश्न त्या सर्वांनाच लागणार आहे. तो विचारणाऱ्या गुरुजींच्या नावाने हे लहानसे टेबल उभे राहिले तर ते त्यांचे उचित स्मारक ठरेल. त्यासाठी लागणारी बॅटरी आणि मीटर देण्याची परवानगी संस्थेने मला द्यावी, असे मी नम्रपणे मागतो. बोल्ट माझ्याकडे पुष्कळ आहेत.